चेंडू हातात आला की बोलायचं

आमच्या ऑफिसात कुणी साहेब नव्हतं. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, आणि जो सांगायचा तोच साहेब होता. त्याला कॅप्टन म्हणायचं. ये रे कॅप्टन, बस रे कॅप्टन. कालची पोरं त्याला अरे-तुरे करायची आणि त्यांना वाटायचं, काय मोकळं वातावरण आहे! पगारवाढीचं बोलायला गेलं की हाच माणूस एकदम 'तुम्ही'वर यायचा. 'तुम्ही जरा परिस्थिती समजून घ्या.' एकदा तो मला 'अहो ताई' म्हणाला. मी तिथेच ओळखलं की या वर्षी हाताला काही लागत नाही.

मी तिथे स्टुडिओत होते. वरच्या काचेच्या मजल्यावर बसून लोकांना जे सुचतं, ते खाली आमच्याकडे आलं की जाहिरातीसारखं दिसायला लागतं. अक्षरं बसवायची, फोटोतल्या बाईच्या गालावरचा डाग काढायचा, गिऱ्हाईक म्हणालं कंपनीचं नाव मोठं करा की मोठं करायचं, फार मोठं झालं म्हणालं की परत लहान करायचं. बाहेरच्यांना वाटतं जाहिरातीच्या ऑफिसात दिवसभर गंमत चालते. होती ना गंमत! वरच्या मजल्यावरून खाली यायला घसरगुंडी होती. दमलेल्या माणसाला झोपायला एक खोली होती, तिच्यात प्रिंटरची खोकी रचलेली होती. शनिवारी येशील का, असं विचारायची पद्धत नव्हती. शुक्रवारी निघताना 'उद्या भेटू' म्हणायचे, झालं. आणि वर ऐकवायचे, आपण एक कुटुंब आहोत. अरे, कुटुंब एवढं आवडतं तर माणसांना त्यांच्या घरी जाऊ द्या की!

पण मी हे स्वतःसाठी चिडून लिहीत नाहीये. माझी कातडी जाड आहे. मी चिडले आहे ती मावशीसाठी.

मावशी ही तिथे कुणाचीच मावशी नव्हती. ती जाहिराती लिहायची आणि तिने चाळिशी ओलांडली होती, एवढाच तिचा गुन्हा. चाळिशीपुढची माणसं ऑफिसात तीनच, ती, मी आणि कॅप्टन. कॅप्टन उलटी टोपी घालून फिरायचा म्हणून त्याचं वय कुणी मोजत नसे. एका पोराने गमतीने तिला मावशी म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. तिला ते आवडायचं नाही, हे तिने मला एकदाच सांगितलं. साबण, विमा, बुटांची दुकानं, कशाचंही ती लिहायची. आधी ओठ हलवून मनाशी म्हणायची, मग टेबलावर बोटांनी ठेका धरायची, आणि ठेक्यात बसलं तरच कागदावर उतरवायची. गिऱ्हाइकाने एक शब्द बदलला तरी भातात खडा लागल्यासारखं तोंड करून दिवसभर बसायची. मी तिला म्हणायचे, 'अगं, बुटाची जाहिरात आहे. लोक पायात घालणार आहेत.' ती म्हणायची, 'म्हणून काय कसंही लिहायचं?'

घरी ती आणि तिची आई. आईला विसरायला होत होतं. सुरुवातीला चष्मा, गॅस, शेजाऱ्यांची नावं. मग ती घरातून उठून चालायला लागली. दोनदा सापडली ती भलत्याच रस्त्यावर, भलत्याच माणसाचा हात धरून. दिवसभर सांभाळायला बाई ठेवली होती, पण ती बाई यायची अकराच्या पुढे, आणि मावशीला नऊला निघावं लागे. मधला वेळ कसा काढायचा? मावशी बाहेरून कुलूप लावायची आणि किल्ली जिन्याखाली बाईसाठी लपवून ठेवायची. कॅप्टनला तिने विचारलं होतं, मी बाराला आले तर चालेल का, संध्याकाळी भरून काढीन. तो म्हणाला, 'अगं, इथे वेळेचं बंधन कुणाला आहे?' आणि दुसऱ्या आठवड्यापासून रोज साडेनऊला बैठक ठेवली.

कुलपाचं त्या बाईखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या दादाला तर मुळीच कळायला नको होतं. हा दादा दुसऱ्या शहरात. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि रोज एकच पालुपद असायचं. 'जमतंय ना तुला? एक जरी गडबड झाली ना, तर मी आईला इकडे घेऊन येईन.' मावशी त्याला सांगायची की बाई सकाळी आठलाच येते. आईला या घराची सवय आहे, अंधारातही ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात बरोबर जाते. दुसऱ्या घरात नेलं तर आठवडाभरात ती आपल्याला ओळखायची नाही, असं मावशीला वाटायचं. त्या एका गोष्टीला ती फार भ्यायची. आई तिच्याकडेच राहावी म्हणून ती रोज दादाशी खोटं बोलत होती, आणि तिला खोटं बोलायला अजिबात जमत नसे. उभा जन्म जाहिराती लिहिण्यात गेला आणि खोटं जमत नाही, आता बोला!

आता त्या चेंडूबद्दल.

दर सोमवारी सकाळी सगळ्या ऑफिसने पायातलं काढून सतरंजीवर गोल करून बसायचं. कॅप्टनकडे एक पिवळा चेंडू होता. तो ज्याच्याकडे फेकेल त्याने स्वतःबद्दल काहीतरी खरं सांगायचं. साधंसुधं चालायचं नाही, कुणालाच न सांगितलेलं हवं. रडू आलं तर फारच छान. कॅप्टन म्हणायचा, खोटं लिहून जाहिरात चालत नाही, आपल्या आतलं द्यावं लागतं. आणि गोलातलं गोलाबाहेर जात नाही अशी शपथ असायची. गोलातलं बाहेर जायचं, पण गिऱ्हाइकाकडे, गुळगुळीत करून, पार्श्वसंगीत घालून. एका मुलीचं मोडलेलं लग्न चॉकलेटवाल्यांना विकलं होतं. पोरं काही खुळी नव्हती. ती घरून गोष्टी रचून आणायची. एका चित्रकाराने स्वतःचे आजोबा दोनदा मारले, एकदा विम्यासाठी आणि एकदा शीतपेयासाठी. ते आजोबा अजून रोज पोहायला जातात. मला विचारलं तेव्हा मी डोळे पुसत सांगितलं की माझी मांजर हरवली आहे. मी जन्मात मांजर पाळलेली नाही.

मावशीला एवढी साधी युक्ती सुचली नाही, किंवा सुचून जमली नाही. चेंडू तिच्या मांडीत येऊन पडला, तिने तो उचलून दोन्ही हातांत धरला. मी समोरून डोळ्यांनी खुणावत होते, मांजर, मांजर! ती म्हणाली, 'मी रोज आईला घरात कोंडून येते.'

मग सगळंच आलं. ती कुलूप लावते, तेव्हा आई आतून दाराशी येते. आईला वाटतं की आपण बाहेर आहोत आणि मुलगी आत अडकली आहे. लहानपणी एकदा ही आणि दादा न्हाणीघरात अडकले होते, कडी आतून बसली होती, तेव्हा सुतार येईपर्यंत आई बाहेर बसून त्यांच्याशी बोलत राहिली होती. आता रोज सकाळी ती दारावर हात ठेवून तेच म्हणते. 'अडकलीस का गं बाळा? घाबरू नकोस हं, मी आहे ना बाहेर.' आणि ही खरंच बाहेर उभी राहून, हातात किल्ली धरून, ते ऐकते आणि ऑफिसला येते.

कॅप्टनने हलकेच टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. टाळी कसली वाजवता, मेल्यांनो? पण मीही त्या वेळी काही बोलले नाही, शनिवारचं उरलेलं काम डोक्यावर होतं आणि सोमवार होता. बाहेर आल्यावर मी मावशीला म्हटलं, 'काय केलंस हे?' ती म्हणाली, 'हलकं वाटलं गं.'

आमच्याकडे एक कुलूप बनवणारी कंपनी होती. फोनवरून उघडता-लावता येणारं, आत कॅमेरा असलेलं नवं कुलूप त्यांना विकायचं होतं. फिल्मचं काम वर गुपचूप चालू होतं. शेवटच्या चौकटीवर कंपनीचं नाव बसवायला फिल्म माझ्याकडे आली, तेव्हा मी ती पहिल्यांदा पाहिली. सुंदर पांढऱ्या केसांची नटी, सुंदर दार, दारावर ठेवलेला सुंदर हात. 'अडकलीस का गं बाळा? घाबरू नकोस हं, मी आहे ना बाहेर.' अक्षर न् अक्षर तेच. मग बाहेरची तरुण मुलगी फोनमध्ये आईला बघते, हसते, आणि निश्चिंत मनाने कामाला जाते. हसते! मी मावशीला बोलावून माझ्या खुर्चीत बसवलं आणि दाखवलं. तिने ओठ हलवत ते वाक्य मनाशी म्हटलं, सवयीने. मग उठून सरळ कॅप्टनकडे गेली. मी मागोमाग.

'बाकी सगळं राहू दे,' ती म्हणाली. 'तेवढं एक वाक्य काढ. माझा दादा ते ऐकून ओळखेल. तो आईला घेऊन जाईल.'

'अगं, ते वाक्य म्हणजेच तर फिल्म आहे,' कॅप्टन म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. 'तुझं नाव कुठे आहे त्यात? आणि तू ते गोलाला दिलंस. दिलेलं असं परत मागतात का?'

'तिने दिलं नाही, तू चेंडू फेकून काढून घेतलंस,' मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. 'तुम्ही जरा शांत व्हा.' तुम्ही! मी समजले, आता दाराकडे बोट दाखवायचंच काय ते बाकी आहे. मावशीने माझा दंड धरून मला बाहेर नेलं. नोकरी गेली असती तर सांभाळणारी बाईही गेली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

फिल्म लागली आणि जिकडेतिकडे तिचीच चर्चा झाली. बक्षीसही मिळालं. कॅप्टनला मुलाखतीत विचारलं, हे सुचलं कसं? आणि या माणसाने डोळे मिटून, आवंढा गिळून सांगितलं, 'ही माझ्या आईची गोष्ट आहे.' आम्ही सगळ्यांनी मोठ्या पडद्यावर ते ऐकलं. कॅप्टनची आई आम्हाला पक्की माहीत होती. स्वतः गाडी चालवत यायची आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून पहारेकऱ्याची हजेरी घ्यायची. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात फोन करून मोठ्याने विचारलं, 'काय रे, मला वेड कधी लागलं?' पोरं हसून हसून लोळली. मला हसू आलं नाही. एकाचं काळीज काढायचं आणि दुसऱ्याने ते आपलं म्हणून मिरवायचं, ही कुठली रीत!

मी मुलाखतवाल्यांना फोन करणार होते. सगळं सांगणार होते. मावशीने माझे दोन्ही हात धरले.

'नको,' ती म्हणाली. 'काल दादाचा फोन आला होता. म्हणाला, तुमच्या ऑफिसची जाहिरात पाहिली, आपली आई असंच म्हणायची ना गं? मी म्हटलं, ती आमच्या कॅप्टनच्या आईची गोष्ट आहे, मुलाखत बघ. त्याने बघितली. त्याला पटलं.'

'म्हणजे या चोराचे उपकार मानायचे?'

'मान हवं तर. आई माझ्याजवळ आहे ना? बस झालं.'

असं होतं. त्या माणसाच्या खोटेपणानेच तिचं घर वाचलं होतं. माझा राग गिळून मला बसावं लागलं, आणि गिळलेला राग पचत नाही, वर येत राहतो. घरी मी नवऱ्यावर ओरडायचे. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?

मग कुलूपवाल्यांना दुसरा भाग हवा झाला. पहिला चालला की दुसरा हवाच असतो. सोमवारी आम्ही गोल करून बसलो आणि कॅप्टनने कुणाकडे बघितलंही नाही, चेंडू सरळ मावशीकडे फेकला.

'पुढे सांग,' तो म्हणाला. 'आईचं पुढे काय झालं?'

'पुढे काही नाही झालं.'

'असं कसं? काहीतरी असणारच. ती आता काय म्हणते? तुला ओळखते का? घाबरू नकोस, इथे सगळे आपलेच आहेत.'

'मला नाही सांगायचं.'

'बरं,' कॅप्टन अगदी मायेने म्हणाला. 'मग उद्या दोघे-तिघे जण तुझ्या घरी येतील. नुसते बसतील आईपाशी. तिच्याकडूनच काय मिळेल ते मिळेल. सकाळीच येतील, तू निघायच्या वेळेला.'

मी उठणारच होते. पण मावशीचा चेहरा बघून उठता आलं नाही. मी तिला कधी रागावलेली पाहिली नव्हती. तिचा आवाज चढला नाही. तिने चेंडू सतरंजीवर ठेवला, पिशवीतून फोन काढला आणि म्हणाली, 'आईचं पुढे काय होणार ते माझ्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे त्याला विचारते. म्हणजे तुझ्या हातात माझं काहीच उरायचं नाही.' तिने दादाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

'काय गं, या वेळेला? आई बरी आहे ना?' दादाच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता.

'दादा, मी ऑफिसात आहे, सगळे ऐकतायत. त्या जाहिरातीतली मुलगी मी आहे. ती आपलीच आई आहे. बाई आठला येत नाही, अकराला येते. तोवर मी आईला बाहेरून कुलूप लावते. रोज. तुझ्याशी खोटं बोलले. आता तू तिला घेऊन जाणार का, ते सांग.'

भांड्यांचा आवाज बंद झाला. दादाने दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावल्याचं ऐकू आलं.

'अगं, हे असं सगळ्यांसमोर कशाला? संध्याकाळी बोलू.'

'आत्ता सांग. घेऊन जाणार का?'

'मला माहीत होतं,' दादा म्हणाला.

'काय माहीत होतं?'

'जाहिरात बघितली तेव्हाच कळलं. आईशिवाय दुसरं कोण म्हणणार तसं? न्हाणीघरात तुझ्याबरोबर मीही होतो ना! पण तू म्हणालीस की ती दुसऱ्याच कुणाची आई आहे. म्हटलं, बरं झालं.'

'बरं झालं?'

'मग काय करू? माहीत आहे म्हटलं असतं तर आणावं लागलं असतं ना तिला इकडे. तुझ्या वहिनीचं तुला ठाऊक आहे, आमची जागा ठाऊक आहे. मी रोज म्हणतो खरा नेतो-नेतो, म्हणायला नको का? पण तू सांभाळतेस की नीट. कुलूप लावतेस ते तिच्या भल्यासाठीच ना? मी काही बोललो का तुला?'

तो 'हॅलो, हॅलो' करत राहिला, मग मावशीने फोन बंद केला.

कॅप्टनचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला सांगू, खरंच भरले होते. त्याला असं खरंखुरं रडू येतं, त्याच्यावरच त्याचं पोट चालतं. 'सोनं आहे हे,' तो हळूच म्हणाला.

'घे,' मावशी म्हणाली. 'कर फिल्म. पण या खेपेला मुलगी दाखवू नकोस. भाऊ दाखव. सगळं माहीत असून जेवायला बसलेला दाखव.'

आणि तुम्हाला सांगते, त्या माणसाने यावरही विचार केला! टोपी काढून डोकं खाजवत, अगदी मनापासून विचार केला. 'नाही गं,' तो म्हणाला. 'भावाचं नाही चालणार. लोकांना रडू येणार नाही, राग येईल. चिडलेला माणूस दुकानात जात नाही.'

मावशी उठली, पायात चपला सरकवल्या आणि निघाली. मी माझी पिशवी घेऊन तिच्या मागे गेले. जाताना कॅप्टनला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते सगळं 'अरे-तुरे'तच बोलले. तेवढ्यापुरतं वातावरण मोकळं होतं खरं.

रस्त्यावर ती भराभरा चालत होती. मला धाप लागली. एका बंद दुकानाच्या पायरीशी ती एकदम थांबली आणि माझ्यावरच ओरडली, जणू मीच तिचा भाऊ.

'रोज सकाळी चोरासारखी जिना उतरत होते मी! वरच्या मजल्यावरच्यांना आवाज जाऊ नये म्हणून कुलूप रुमालात धरून लावत होते. कुणाला भिऊन? तर ज्याला आई नकोच होती त्याला!'

'अगं, पण आता ती तुझ्याकडेच राहील,' मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? 'तुला तेच हवं होतं ना?'

'तेच हवं होतं,' ती म्हणाली आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. तिचं म्हणणं खरंच होतं. आई आता तिच्याकडेच राहणार होती. तिला न्यायला कधीच कुणी येणार नव्हतं.